मारावीनंतर : धर्मांधांशी लढायचं कसं आणि बोलायचं कुणाशी?

मांजराकाठ

हा विषय सात-आठ वर्षं मनात घोळतोय, आज लिहून काढते. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी फिलिपाइन्समध्ये दावावला डॉक्टरकी शिकत होती. आपल्याकडची बरीच पोरं तिकडे जातात, त्यामुळे हे नाव इथे अनेकांच्या ओळखीचं असेल. २३ मे २०१७ च्या रात्री तिचा फोन आला. "आई, बातम्या बघू नकोस, मी बरी आहे." असं ऐकल्यावर आईचा हात आधी रिमोटकडेच जातो. मिंडानाओ बेटावरच्या मारावी शहरात इसिसचे काळे झेंडे लावून टोळ्या घुसल्या होत्या. अध्यक्ष दुतेर्ते तेव्हा मॉस्कोत होते आणि तिथूनच त्यांनी अख्ख्या मिंडानाओवर लष्करी कायदा लागू केला. दावाव त्याच बेटावर. त्याच्या आदल्या वर्षीच, २ सप्टेंबर २०१६ ला, दावावच्या रात्रबाजारात बॉम्ब फुटला होता. त्या बाजारात माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी दर आठवड्याला जेवायला जायच्या.

मारावीची लढाई पाच महिने चालली. हजाराहून जास्त माणसं मेली, साडेतीन लाखांच्या आसपास लोक घरं सोडून गेले. विमानांनी बॉम्ब टाकून शहराचा मधला भाग सपाट केला.

त्या पाच महिन्यांत रोज रात्री मी वाचत बसायचे. त्यात एक गोष्ट कळली आणि तिनं माझा बराचसा राग दुसरीकडे वळवला. मारावीत अडकलेल्या नागरिकांना बाहेर काढायला जो 'शांतता मार्ग' उघडला गेला, तो सरकारनं मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंटबरोबर मिळून उघडला होता (मोरो म्हणजे मिंडानाओकडचे मुसलमान). म्हणजे ज्या संघटनेच्या नावात इस्लामिक आहे, जिच्या हातात बंदुका आहेत, जी सरकारशी कित्येक दशकं लढली, तीच आता सरकारच्या बाजूनं इसिसवाल्यांच्या विरोधात उभी होती. हे आपोआप झालं नाही. त्याच्या मागे सतरा वर्षांची बोलणी होती.

माझं म्हणणं असं. धर्माचं नाव घेऊन लढणारे सगळे एका मापानं मोजले की आपण हरतो. ज्यांचं काही मागणं आहे त्यांच्याशी करार करायचा आणि तो वेळेत पाळायचा. ज्यांचं मागणंच नाही त्यांच्याशी लढायचं. दुसऱ्यापेक्षा पहिलं अवघड आहे, आणि सगळे देश नेमके तिथेच कच खातात.

तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_सुभेदार

ताई, मनापासून लिहिलंत. मुलगी सुखरूप आहे ना? आधी ते सांगा.

माझं मत थोडं वेगळं आहे. मारावीत जे घुसले त्यांच्याशी बोलायला गेलं असतं तर ओलिसांची मुंडकी परत आली असती. चर्चमधल्या मूर्ती फोडताना त्यांनीच व्हिडिओ काढला आणि जगाला दाखवला. फादर सुगानोब यांना चार महिने ओलीस ठेवलं. १६ ऑक्टोबरला या टोळ्यांचे म्होरके हापिलोन आणि ओमर मौते मारले गेले आणि आठवड्याभरात लढाई संपली. सैन्य नसतं तर तिथे आजही काळा झेंडा असता. शांततेची भाषा करणाऱ्यांनी हे विसरू नये.

मात्र करार करावा याला माझा विरोध नाही. मी ८५ साली मिझोराममध्ये होतो. १९६६ मध्ये ऐजॉलवर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले होते, म्हातारी माणसं आम्हाला ते सांगायची. ३० जून १९८६ ला करार झाला, कालपर्यंत मिझो बंडखोरांचे नेते असलेले लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि आमच्या गस्तीच्या वाटांवर पोरं फुटबॉल खेळायला लागली. हे मी स्वतः पाहिलंय. पण तो करार टिकला कारण समोरच्याला माहीत होतं की बंदुकीनं जिंकता येणार नाही. ती जाणीव सैन्यानंच करून दिली होती.

मांजराकाठ

सुखरूप आहे काका, शिक्षण संपवून परत आली, आता इथेच प्रॅक्टिस करते. विचारलंत, बरं वाटलं.

मिझोरामचं उदाहरण माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चपखल आहे.

तर्कनिष्ठ

मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. आपण 'मागणं', 'अन्याय' म्हणत म्हणत धर्माला मोकळं सोडतो.

मारावीत घुसलेल्या टोळीचे म्होरके मौते बंधू उपाशी घरातले नव्हते. घराणं पैसेवालं होतं. ओमर इजिप्तमध्ये शिकला, अब्दुल्ला जॉर्डनमध्ये. कुणी त्यांची जमीन हिसकावली नव्हती. त्यांना खिलाफत हवी होती. २००४ मध्ये अबू सय्याफ या तिथल्याच अतिरेकी संघटनेनं 'सुपरफेरी १४' हे प्रवासी जहाज उडवलं, ११६ माणसं गेली. त्यातल्या कुणी मोरोंचं काय वाईट केलं होतं? २७ जानेवारी २०१९ ला होलो शहरातल्या कॅथेड्रलमध्ये रविवारच्या प्रार्थनेला बसलेली माणसं उडवली. तेव्हा तर मोरोंच्या स्वायत्ततेवरचं मतदान चालू होतं, करार हातातोंडाशी आला होता. तरीही बॉम्ब फुटलाच.

जोवर 'आमचाच धर्म खरा, बाकीचे मारायला हरकत नाही' या शिकवणीला कुणी हात घालत नाही तोवर करार म्हणजे वरवरची मलमपट्टी.

गोदाकाठची_पोर

मीही दावावलाच शिकले, ताईंच्या मुलीच्या दोन वर्षं मागे असेन बहुतेक. आमच्या बॅचमध्ये मारावीची एक मुलगी होती. मारानाव समाजाची, हिजाब घालायची, ॲनाटॉमीत आमच्या सगळ्यांच्या पुढे. लढाई सुरू झाली तेव्हा तिच्या घरचे सगळे पायी इलिगानला निघाले. आठवडाभर त्यांचा पत्ता नव्हता.

ती शेवटी परत आली तेव्हा तिला दोन बाजूंनी त्रास झाला. दावावमध्ये खोली भाड्यानं मिळेना, नाव ऐकलं की 'जागा नाही'. आणि तिच्या गावाकडची, मौतेंच्या टोळीत गेलेल्या एका चुलत भावाची ओळख सांगणारी माणसं तिला विचारायची, ख्रिस्ती लोकांत का राहतेस म्हणून. ती मला एकदा म्हणाली, "आमच्या शहरावर आधी त्यांनी बंदुका रोखल्या, मग सरकारनं बॉम्ब टाकले, आणि आता दोघंही आम्हालाच विचारतात, तू कुणाच्या बाजूची?"

तर्कनिष्ठ, त्याच शहरात नोरोदिन लुकमान या मुस्लिम पुढाऱ्यानं साठाहून अधिक ख्रिस्ती माणसं आपल्या घरात लपवली होती. कामगार, मास्तर असे लोक. दहा-बारा दिवसांनी पांढरे झेंडे घेऊन तो त्यांना बंदुकवाल्यांच्या समोरून चालवत घेऊन गेला. जाण्याआधी बायकांना हिजाब कसा घालायचा, कुणी अडवलं तर काय म्हणायचं, हे त्या घरातल्यांनी शिकवलं. त्या घराचा धर्मही तोच होता ना?

तर्कनिष्ठ

@गोदाकाठची_पोर, वाचून गलबललो. लुकमान यांच्याबद्दल मला माहिती नव्हती. माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण तो शिकवणीबद्दल आहे, माणसांबद्दल नाही, एवढं नक्की नोंदवतो.

मांजराकाठ

तर्कनिष्ठ, तुमचा मुद्दा टाळणार नाही. म्होरके उपाशी नव्हते हे खरंच. पण म्होरके चार असतात, पोरं शेकड्यांनी लागतात. ती कधी मिळतात ते बघा.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय हे कळत नाही. मिंडानाओत एके काळी मुसलमान बहुसंख्य होते. अमेरिकी राजवटीत आणि नंतर मनिलाच्या सरकारनं उत्तरेकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना तिथे जमिनी देऊन वसवलं. दोन-तीन पिढ्यांत मोरो साधारण एक पंचमांश उरले. १८ मार्च १९६८ ला कोरेगिदोर बेटावर सैन्यानं गुप्त कामासाठी भरती केलेल्या मोरो तरुणांना सैन्यानंच मारलं. त्यांना मलेशियाच्या साबा प्रांतात घुसवायचं होतं. हे हत्याकांड उघडकीला आलं आणि विद्यापीठात शिकवणारे नूर मिसुआरी यांनी मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंट उभा केला.

आणि धर्मांधता एका बाजूची नव्हती. जून १९७१ मध्ये मनिली गावात ख्रिस्ती 'इलागा' टोळीनं मशिदीत जमलेल्या सत्तरच्या आसपास माणसांना मारलं, बायका-मुलांसकट. या टोळ्या गळ्यात ताईत घालून, मंत्र म्हणत मारायला जायच्या. मशिदीतल्या त्या पोरांची भावंडं मोठी होऊन कुठे गेली असतील?

आता तारखा जुळवा. २००८ मध्ये मिसुआरींच्या फ्रंटमधून फुटून निघालेला मोरो इस्लामिक फ्रंट (पुढे नुसतं 'फ्रंट' म्हणते) आणि सरकारमध्ये जमिनीबद्दलचा मसुदा तयार झाला, सही व्हायची तेवढी राहिली होती, आणि सुप्रीम कोर्टानं तो घटनाबाह्य ठरवला. फ्रंटचा कमांडर उंब्रा कातो भडकून बाहेर पडला आणि त्यानं वेगळी टोळी काढली. पुढे त्या टोळीनं इसिसशी नातं सांगितलं. २७ मार्च २०१४ ला सरकार आणि फ्रंटमध्ये स्वायत्ततेचा मोठा करार झाला. जानेवारी २०१५ मध्ये मामासापानो इथे पोलिसांची कारवाई फसली, ४४ कमांडो गेले, देशभर संताप उसळला आणि संसदेनं स्वायत्ततेचा कायदा गुंडाळून ठेवला. मौते मारावीच्या तरुणांना काय सांगत असतील याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही: 'बघा, तुमच्या म्हाताऱ्या नेत्यांना मनिलानं पुन्हा फसवलं.' दोन वर्षांत मारावी पेटलं.

म्हणून मी 'वेळेत' हा शब्द वापरला होता. पहिल्या पोस्टमध्ये तो घाईत लिहिला, पण माझा सगळा जीव त्या एका शब्दात आहे.

जयगडचा_खलाशी

सगळ्यांना नमस्कार आणि सलाम. मी मूळ रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, क्वालालंपूरला बरीच वर्षं आहे. हा धागा वाचून राहवलं नाही.

ही बोलणी इथेच झाली. २००१ पासून मलेशिया मध्यस्थ होता. २००४ पासून शस्त्रसंधीवर लक्ष ठेवणारं पथक मिंडानाओत गेलं, त्याचं नेतृत्व मलेशियाकडे, बरोबर ब्रुनेई, लिबिया, नंतर जपान आणि नॉर्वेसुद्धा. जपानचं मला विशेष वाटतं. ऑगस्ट २०११ मध्ये अध्यक्ष अकिनो आणि फ्रंटचे मुराद इब्राहिम पहिल्यांदा समोरासमोर बसले ते जपानमध्ये, नारिता विमानतळाजवळच्या हॉटेलात, कुणाला पत्ता न लागू देता. दोघांच्याही घरी विरोध होता, परक्या जमिनीवर मन मोकळं करता आलं.

मलेशिया निःस्वार्थी होता असं मी म्हणणार नाही. साबावरून फिलिपाइन्सशी जुना वाद आहे, तिकडचे निर्वासित इकडे येतात, लढाई पेटती राहणं परवडणारं नव्हतं. पण शेजाऱ्याला शांततेची गरज असेल तर तो दहा वेळा बैठक मोडूनही अकराव्यांदा चहा मागवतो. हजारो मैलांवरची महासत्ता तेवढा धीर धरत नाही.

तर्कनिष्ठभाऊ, शिकवणीला हात घालायला हवा हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. तो हात कुणाचा, एवढाच माझा प्रश्न. मारावीच्या लढाईच्या काळात बांगसामोरोच्या, म्हणजे मोरोंच्या मुलखातल्या, दारुल इफ्तानं (फतवे देणाऱ्या मुफ्तींच्या संस्थेनं) अतिरेकी विचाराविरुद्ध फतवा काढला. तो मनिलाच्या सांगण्यावरून निघाला असता तर पोरांनी रद्दीत टाकला असता. तो काढणारे मुफ्ती त्यांच्यातले, त्यामागे उभी असलेली संघटना स्वतः चाळीस वर्षं लढलेली. त्याच सुमारास फ्रंटचे लोक मागिंदानावमध्ये कातोच्या टोळीशी लढताना मेले. ज्यानं स्वतः रक्त सांडलंय तो जेव्हा म्हणतो 'हे दीन (आपला धर्म) नव्हे', तेव्हा सतरा वर्षांचा पोरगा मान वर करून ऐकतो. माझ्यासारख्या दाढी नसलेल्या खलाशाचं किंवा टीव्हीवरच्या विद्वानाचं तो ऐकणार नाही.

काका, तुम्ही सैनिक आहात म्हणून एक सांगतो. जुलै २००० मध्ये अध्यक्ष एस्ट्राडांनी 'सर्वंकष युद्ध' पुकारून फ्रंटची अबूबकर छावणी जिंकली. तिथे मशीद होती, मदरसा होता. विजय साजरा करायला ते भाजलेली डुकरं आणि बिअर घेऊन गेले. छावणी जिंकली, पण ती मेजवानी तिकडची माणसं अजून विसरलेली नाहीत. इथे राहणारे मोरो मला आजही ते सांगतात.

निवृत्त_सुभेदार

खलाशी, हे वाचून वाईट वाटलं. पंचवीस वर्षं वर्दी घातली. जिंकलेल्या गावात देवळा-मशिदीच्या दारात पादत्राणं काढायची, हे आम्हाला जेसीओ लोकांनी (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकाऱ्यांनी) पहिल्या आठवड्यात शिकवलं. ज्यानं ती मेजवानी केली त्यानं आपल्याच जवानांच्या जिवावर पुढची दहा वर्षं आणली.

आता परदेशातल्या फौजांबद्दल. २००२ मध्ये बासिलान बेटावर अमेरिकेनं काही शे माणसं पाठवली. लढणं फिलिपिनो सैन्याचं, अमेरिकनांनी प्रशिक्षण, टेहळणी, रस्ते आणि विहिरी एवढंच करायचं. अबू सय्याफ तिथून हटले. हीच अमेरिका अफगाणिस्तानात लाखभर सैन्य घेऊन गेली. डिसेंबर २००१ मध्ये बॉनला नवं सरकार ठरलं तेव्हा तालिबान हरलेले होते, तेव्हा त्यांच्यातल्या तडजोड करणाऱ्यांना बसवता आलं असतं. बोलावलंच नाही. मग २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात त्याच तालिबानशी करार केला, तोही काबूलच्या सरकारला खोलीबाहेर ठेवून. १५ ऑगस्ट २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आपण तिथे सलमा धरण बांधलं, झरांज-देलाराम रस्ता बांधला, त्यात आपली माणसं गेली. आणि आज तिथल्या मुलींना सहावीनंतर शाळा नाही.

म्हणजे ताई, तुमचा 'वेळेत' हा शब्द मी मान्य करतो. मजबूत असताना बोला. हरायला लागल्यावर जे करता त्याला बोलणी म्हणत नाहीत, ती शरणागती.

माहीमकर

वाचतोय. फार चांगला धागा.

एक जवळचं उदाहरण. १९८४ ला भिवंडी जळाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यात हिंदू-मुसलमानांच्या कमिट्या केल्या, महिन्या-दोन महिन्यांनी बसायचं, गटारापासून मिरवणुकीपर्यंत सगळं बोलायचं. ९२-९३ ला मुंबई पेटली, आमच्या गल्लीत मी स्वतः पाहिलंय काय झालं ते. भिवंडी शांत राहिली.

मिंडानाओत असं काही खालच्या पातळीवर होतं का?

गोदाकाठची_पोर

@माहीमकर हो. बिशप आणि उलेमा एकत्र बसतात अशी परिषद तिथे नव्वदच्या दशकापासून आहे. झाम्बोआंगात 'सिलसिला' नावाची संस्था १९८४ पासून काम करते, एका इटालियन फादरनं सुरू केलेली. पिकित भागात गावांनी स्वतःला 'शांतता क्षेत्र' जाहीर केलं, म्हणजे सैन्यानंही इथे लढायचं नाही आणि फ्रंटनंही नाही. लढाया झाल्या की शाळेत मुक्काम, लढाई थांबली की परत शेतात, असं अनेक वर्षं जगून लोक कंटाळले होते.

आणि बायका. सरकारच्या बाजूनं करारावर सही करणाऱ्या मुख्य वाटाघाटीकार मिरियम कोरोनेल-फेरर होत्या, समोर फ्रंटचे मोहाघेर इक्बाल. आमच्या वसतिगृहात तो फोटो एका फिलिपिनो मुलीनं भिंतीवर लावला होता.

तर्कनिष्ठ

मग आता तिथे शांतता आहे का? हे सरळ विचारतोय, टोमणा नाही. शरियाचं काय? बिगर-मुस्लिमांचं काय?

मांजराकाठ

सरळच उत्तर देते. अर्धी आहे.

२०१९ च्या मतदानानंतर बांगसामोरो स्वायत्त प्रदेश झाला, मुराद इब्राहिम त्याचे पहिले मुख्यमंत्री. कालचे बंडखोर टेबलावर बसून अंदाजपत्रक मांडायला लागले. शरिया न्यायालयं मुसलमानांपुरतीच आहेत. पण तेदुराय आणि इतर आदिवासी म्हणतात की आमच्या जमिनींचं ऐकून घेतलं जात नाही, आणि ते चुकीचं बोलत नाहीत. सुलू प्रांतानं मतदानात विरोध केला होता, तरी त्याला आत घेतलं गेलं. २०२४ मध्ये कोर्टानं त्याला बाहेर काढलं. ३ डिसेंबर २०२३ ला मारावीतल्याच विद्यापीठात ख्रिस्ती प्रार्थनेच्या (मास) वेळी बॉम्ब फुटला, चार जण गेले. चाळीस हजार लढवय्यांनी शस्त्रं ठेवायची होती, २६ हजारांवर ठेवली गेली. मग पॅकेजच्या वादावरून उरलेल्यांचं थांबलं. पहिली निवडणूक २०२२ ला व्हायची होती, ती पुन्हापुन्हा पुढे गेली.

म्हणजे परत तेच. उशीर.

हे लिहिताना हात थरथरतो, कारण २००८ आणि २०१५ नंतर काय झालं ते आपण वर वाचलंय. मारावीच्या लोकांना भरपाई द्यायचा कायदाच मुळी २०२२ मध्ये झाला, लढाई संपून साडेचार वर्षांनी.

जयगडचा_खलाशी

ताई, आशा सोडू नका. २००० मध्ये इथल्या कुणाला विचारलं असतं की मुराद एक दिवस सरकारी गाडीत बसतील, तर लोक हसले असते.

निवृत्त_सुभेदार

शस्त्रं ठेवणाऱ्याला ठरलेले पैसे त्याच दिवशी हातात मिळाले पाहिजेत. यात काटकसर करणाऱ्याला गस्तीवर पाठवावं. मिझोरामात परत आलेल्या पोरांना मी रांगेत उभं राहिलेलं पाहिलंय, त्यांचे डोळे कागदावर नसतात, समोरच्या बाबूच्या चेहऱ्यावर असतात.

गोदाकाठची_पोर, तुझ्या त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं?

गोदाकाठची_पोर

काका, ती डॉक्टर झाली. मारावीच्या बाहेर, विस्थापितांच्या वस्तीजवळच्या दवाखान्यात काम करते. तिचं घर ज्या गल्लीत होतं तिथे अजून गवत आहे. मागच्या ईदला फोटो पाठवला होता: भिंत नाही, छप्पर नाही, फक्त जिन्याच्या पाच पायऱ्या, आणि त्यावर तिचे वडील बसलेले.